विज्ञानाची उसनी कारणे

ज्याला गणित येत नाही आणि शिकायचेही नाही, अशा माणसाकडून गणिताच्या अभ्यासासाठी पैसा घ्यावा का? विज्ञान-संशोधनाला आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षणाला सार्वजनिक आधार द्यायचा म्हटले की हा प्रश्न पुढे येतोच. कर सक्तीचा असतो. ज्ञानाची आवड कोणाला सक्तीने लावता येत नाही. तेव्हा सक्तीने घेतलेल्या पैशातून मोजक्या लोकांच्या जिज्ञासेचा खर्च भागवायचा तर त्यामागे काहीतरी नैतिक कारण हवे. ते कोणते, याची उत्तरे काळागणिक बदलत गेली. एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. विज्ञानाला पैसा मिळाला तो बहुतेक वेळा विज्ञानाबाहेरच्या कारणासाठी मिळाला: कधी पुण्य म्हणून, कधी राज्यकारभाराची सोय म्हणून, कधी संरक्षणाची तजवीज म्हणून. ही कारणे उसनी आहेत, आणि उसने देणारा आपल्या अटी घालतोच.

या व्यवहाराचा एक अस्सल नमुना खानदेशात दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला देवीच्या देवळात असलेला शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६०च्या दशकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने त्याला दान दिले. सोइदेव निकुंभाने ते श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, सगळ्या लोकांदेखत हातावर पाणी सोडून दिले, अशी नोंद आहे. वंशावळ, राजांची स्तुती, भास्कराचार्यांच्या विद्वत्तेचे गुणगान हा सगळा भाग संस्कृतात आहे. देण्याघेण्याचा तपशील आला की लेख मराठीवर येतो. पाटणच्या पेठेत जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो हिस्सा मिळे, तो मठाकडे वळवला आहे. नगरानेही आपली भर घातली आहे. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्यांच्यावर दर घाण्यामागे पळीभर तेल बसवले आहे. राजघराण्याची वंशावळ कोणी वाचो न वाचो, आपल्याला किती द्यायचे आहे हे तेल्याला आणि वाण्याला कळणे भागच होते.

त्या तेलाच्या दिव्यात शिकवले काय जात असावे? ‘सिद्धांतशिरोमणी’चाच भाग असलेल्या ‘लीलावती’त व्याजाचे हिशेब आहेत, धान्याच्या राशीचे माप काढण्याचे नियम आहेत, सावलीवरून उंची काढण्याची रीत आहे. एवढे तरी पेठेच्या कामाचे होते. पण त्याच ग्रंथाच्या बीजगणितात पुढचा प्रश्न येतो: एखाद्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या कोणती? प्रश्न दिसायला दोन ओळींचा. त्याचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे, आणि मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा असतो. चक्रवाल पद्धतीने भास्कराचार्य ११५० मध्ये या उत्तरापर्यंत पोचले होते. फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातलेल्या कोड्यांत नेमके हेच उदाहरण होते. पाटणच्या बाजारात या उत्तराचा काडीचाही उपयोग नव्हता. पंचांग मांडायलाही नव्हता.

मग निकुंभांनी दान का दिले? लेखाचे उत्तर सरळ आहे: पुण्य. ग्रहणकाळात दिलेल्या दानाचे फळ मोठे, अशी श्रद्धा होती. पण त्या काळच्या विचारात सगळी विद्या सारखी मानलेली नव्हती. मुंडकोपनिषद परा आणि अपरा असे विद्येचे दोन भाग पाडते आणि चारही वेदांबरोबर ज्योतिषालाही अपरेत, म्हणजे खालच्या पायरीवर, बसवते. ज्याने अक्षर ब्रह्म कळते ती परा. या हिशेबाने ग्रहगणित मोक्षाला उपयोगी नाही. त्याला आधार मिळतो तो वेदांग म्हणून: यज्ञाची वेळ, व्रताची तिथी, ग्रहण लागण्याची आणि सुटण्याची वेळ हे सांगण्यासाठी. म्हणजे गणिताला स्वतःच्या नावावर दान मिळत नव्हते; ते धर्मकृत्याच्या नावावर मिळत होते, आणि त्या नावाआड चक्रवालही चालून जात होते.

यातली विसंगती भास्कराचार्यांना दिसत नव्हती असे नाही. ‘गोलाध्याया’त ते चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने होते हे भूमितीने सिद्ध करतात, आणि मग पुराणांशी वैर नको म्हणून राहूच त्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो अशी सांगड घालतात. ही तडजोड समजण्यासारखी आहे. जे शास्त्र ग्रहणाचा बाऊ काढून टाकते, त्याच शास्त्राच्या मठाला ग्रहणाच्या पुण्यकाळावर दान मिळत होते. शास्त्रज्ञाने आश्रयदात्याच्या समजुतीला उघड धक्का न लावता आपले गणित चोख ठेवले, एवढेच त्यातून म्हणता येते.

उसन्या कारणाची किंमत पुढे दिसते. आश्रयदात्याला हवे असते पंचांग, कुंडली, मुहूर्त. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या-कोटिज्यांची खटपट टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची त्यातली युक्ती अफलातून आहे, आणि पंचांगकर्त्यांनी ती पुढे कित्येक शतके वापरली. पण सोय झाली की मूळ सिद्धांताकडे वळायची गरजही उरत नाही. पंचांगकर्त्याला आकडे मिळतात. ते का मिळतात हे कळायला ग्रहलाघवाच्या मागे जावे लागते, आणि तेवढ्यासाठी कोणी दान देत नाही. गणेश दैवज्ञ स्वतः मागे गेले होते. ‘लीलावती’वरच्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत त्यांनी उपपत्ती दिल्या आहेत. सगळा दोष आश्रयावर टाकणेही बरोबर नाही, कारण पंचांगाची तीच गरज असलेल्या केरळात माधवाच्या परंपरेने याच सुमाराला अनंत श्रेणींपर्यंत मजल मारली.

आणखी एक गोष्ट पाटणच्या लेखात लिहिलेली नाही, पण ती विसरून चालत नाही. ज्या तेल्याच्या घाण्यावर पळीभर तेल बसले, त्याच्या मुलाला त्या मठात बसायला मिळत असेल असे मानायला तेव्हाच्या समाजव्यवस्थेत काही आधार नाही. देणारा एक आणि शिकणारा दुसरा. सार्वजनिक आधाराच्या प्रश्नातली सर्वांत अवघड गाठ हीच आहे.

इंग्रजी अमलात कारण बदलले. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीला दरसाल किमान एक लाख रुपये विद्येसाठी बाजूला काढायला सांगितले, आणि त्यात विज्ञानाचा प्रसार हा हेतू स्पष्ट लिहिला. रक्कम कोणत्या विद्येवर खर्च करायची यावर मात्र वीस वर्षे वाद चालला. कलकत्त्याला सरकारी पैशाने संस्कृत महाविद्यालय निघणार हे कळताच राममोहन रॉय यांनी डिसेंबर १८२३ मध्ये गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांना पत्र लिहून त्याऐवजी गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि शरीररचना शिकवा अशी मागणी केली. महाविद्यालय निघालेच. पण सार्वजनिक पैसा कोणत्या ज्ञानाला, हा प्रश्न एका नागरिकाने सरकारला लेखी विचारला तो इथे.

मुंबईत कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली. कारण व्यापारी होते: बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी. तिथेच पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद सुरू झाली. शहरात विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. कुलाबा आणि अलिबाग मिळून झालेली चुंबकीय नोंदींची मालिका जगातल्या दीर्घ मालिकांपैकी एक आहे. जहाजांच्या घड्याळासाठी झालेल्या खर्चातून पृथ्वीच्या पोटातल्या आणि सूर्यावरच्या घडामोडींचा दीडशे वर्षांचा हिशेब हाती येईल, हे १८२६ मध्ये कोणाच्या स्वप्नीही नव्हते. याच वेधशाळेत तरुणपणी नोकरी केलेल्या केरूनाना छत्र्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली, तीही नव्या युरोपीय आकड्यांवर आधारून.

सरकारचा हात आखडता असेल तर लोकांनी द्यावे, हा दुसरा मार्ग महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी कलकत्त्यात धरला. १८७६ मध्ये त्यांनी वर्गणीवर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ उभी केली. हिंदी माणसाने विज्ञान नुसते वाचू नये, करावे, हा त्यांचा आग्रह होता. वर्गणी मनासारखी जमली नाही, आणि देशबांधवांनी हात दिला नाही ही खंत घेऊनच ते १९०४ मध्ये वारले. तीन वर्षांनी हिशेब खात्यात नेमणूक होऊन आलेले चंद्रशेखर वेंकट रामन कचेरीच्या आधी आणि नंतर त्या ओस प्रयोगशाळेत जाऊन बसू लागले. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम याच संस्थेतला. लोकाश्रयाने केलेली ही सर्वांत मोठी कमाई. ती लोकाश्रय जवळजवळ आटल्यानंतर हाती आली, हे नोंदवायला हवे.

स्वतंत्र भारताने तिसरे कारण उसने घेतले. होमी भाभा यांनी मार्च १९४४ मध्ये दोराबजी टाटा न्यासाला लिहिलेल्या पत्रात मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था मागताना, पुढेमागे अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा युक्तिवाद केला. हिरोशिमा तेव्हा दीड वर्ष दूर होते. विश्वकिरण आणि शुद्ध गणित यांच्यासाठीही त्या युक्तिवादाच्या पदराखाली जागा झाली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, आणि पुढे तिचा भार अणुऊर्जा विभागाने उचलला. मार्च १९५८ चा विज्ञान धोरण ठराव विज्ञानाला राष्ट्राच्या समृद्धीचा पाया मानतो. भाषा बदलली, व्यवहाराची घडी तीच राहिली: सरकार विजेसाठी आणि बळासाठी पैसा देते, आणि त्याच दाराने संख्या-सिद्धांत व टोपॉलॉजीही आत येते.

भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचा आक्षेप या घडीवरच होता. संशोधन विद्यापीठांत व्हावे, संशोधकाने शिकवावे आणि शिक्षकाने संशोधन करावे, असे त्यांचे मत होते. १९५२ नंतर अपक्ष खासदार म्हणून अणुकार्यक्रमाच्या गुप्ततेबद्दल ते लोकसभेत बोलत राहिले. त्यांचे चालले नाही. पैसा आणि प्रतिष्ठा संशोधन संस्थांकडे गेली, परीक्षा आणि गर्दी विद्यापीठांकडे. भाभांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तेव्हाच्या विद्यापीठांत जागतिक दर्जाची प्रयोगशाळा उभी करणे खरोखरच दुष्कर होते. पण ज्ञान निर्माण करणाऱ्या आणि ज्ञान वाटणाऱ्या जागा एकदा वेगळ्या झाल्या, की लोकांच्या पैशाचे समर्थन लंगडे पडते. ते कसे, हे पाहण्यासाठी मूळ युक्तिवाद एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला युक्तिवाद उपयोगाचा. आजचे निरुपयोगी संशोधन उद्या कामाला येते, असे तो म्हणतो, आणि रामन परिणाम आज औषधांच्या आणि रत्नांच्या तपासणीत वापरला जातो असा दाखला देतो. दाखला खरा आहे. पण जे कधीच कामाला आले नाही त्याची यादी कोणी देत नाही, आणि कोणते संशोधन फळेल हे आधी सांगता येत नसेल तर उपयोगाच्या नावाने निवड तरी कशी करायची? शिवाय फळ देशाच्याच पदरात पडेल याची हमी नसते. चक्रवालाचे फळ भारतीय बाजाराला मिळाले नाही.

दुसरा युक्तिवाद अर्थशास्त्राचा आहे. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये तो नीट मांडला. ज्ञान एकाने वापरले म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि एकदा उघड झाल्यावर कोणाला अडवताही येत नाही. त्यामुळे मूलभूत संशोधनावर खासगी उद्योग समाजाच्या गरजेपेक्षा कमी खर्च करतो, आणि ती तूट सरकारने भरून काढावी लागते. युक्तिवाद भक्कम आहे, पण त्याची एक बाजू गरीब देशाला अडचणीची ठरते. ज्ञान जर फुकट घेता येते, तर ते श्रीमंतांनी निर्माण करावे आणि इतरांनी वापरावे, इतका सोपा हिशेब का करू नये? भारताचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरियाचा साडेचार टक्क्यांच्या वर आहे. त्यामुळे हा हिशेब कोणी उघड मांडला नाही तरी अंदाजपत्रकातून तो बोलतोच. त्याला उत्तर एकच देता येते: छापून आलेला शोधनिबंध फुकट असतो, तो समजणारा माणूस फुकट नसतो. तो घडवायला चांगली शाळा लागते, आणि पुढे स्वतः संशोधन करणारा शिक्षक लागतो.

तिसरा युक्तिवाद उपयोगाला बगल देतो: विश्व जाणून घेणे हीच माणसाच्या आयुष्यातली मोलाची गोष्ट आहे, म्हणून समाजाने तिला पोसावे. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मनात हाच असतो, जरी अर्जात ते पहिला लिहितात. पण याच्यावर जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये घेतलेला आक्षेप सहज झटकता येत नाही. केवळ स्वतःच्या ठायी मोलाची आहे म्हणून विद्यापीठाला, संशोधन संस्थेला किंवा रंगभूमीला कराच्या पैशातून अनुदान देणे न्यायाच्या तत्त्वांत बसत नाही, असे ते म्हणतात. ज्यांना ती गोष्ट मोलाची वाटते त्यांनी स्वखुशीने पैसा घालावा. सक्तीचा कर वापरायचा तर त्यातून सर्वांच्या स्वातंत्र्याला, किंवा सर्वांत मागे राहिलेल्यांच्या दूरच्या हिताला, हातभार लागतो हे दाखवावे लागेल.

हा आक्षेप हिंगोली जिल्ह्यात अगदी जमिनीवर येतो. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, अमेरिकेतल्या जुळ्या यंत्रांनी अशा लहरींचा पहिला थेट वेध घेतल्याची घोषणा झाल्यानंतर आठवड्याभरातच. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे, आणि त्या आरशांच्या अंतरातला प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका बदल ओळखायचा. इथे शांत जमीन लागते, आणि मोठ्या शहरांपासून, कारखान्यांपासून दूर असलेला हा भाग त्याला सोयीचा आहे. म्हणजे ज्या मागासलेपणाची तक्रार मराठवाडा करतो, त्याच्याच एका अंगाने तो या यंत्राला लायक ठरला. ज्या जिल्ह्यात शेती पावसावर आणि पाऊस नशिबावर, तिथे अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांच्या टकरी ऐकायला हजारो कोटी का, असे एखाद्या सोयाबीनच्या शेतकऱ्याने विचारले तर त्याला अडाणी ठरवणे सोपे आहे. तो रॉल्सचाच प्रश्न विचारत असतो.

त्याला देता येण्यासारखी उत्तरे आहेत. इतका पैसा अंदाजपत्रकाच्या मानाने किरकोळ आहे, हे त्यातले सर्वांत दुबळे. किरकोळ अन्याय हाही अन्यायच. लेसर, निर्वात तंत्र, नियंत्रण प्रणाली यांतून उद्योगांना कसब मिळेल, हे खरे, पण ते कसब पुण्या-मुंबईला जाण्याचा संभव जास्त. टिकाऊ उत्तर मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात सापडते. त्याचे सत्ताविसावे कलम विज्ञानाच्या प्रगतीत सहभागी होण्याचा हक्क प्रत्येकाला देते. विज्ञानाच्या फळांपुरता तो हक्क नाही, सहभागाचा आहे. वेधशाळेचे समर्थन मग असे होते: त्या शेतकऱ्याच्या मुलीला ते यंत्र काय करते हे समजण्याइतके, आणि तिला हवे असेल तर तिथे काम करण्याइतके गणित आणि विज्ञान जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळत असेल, तर तिच्या वडिलांच्या करातून गेलेला पैसा तिच्याही हक्काचा ठरतो. तसे मिळत नसेल तर तो पैसा पाटणच्या पळीभर तेलासारखाच दुसऱ्यांच्या मुलांच्या दिव्यात जळतो.

हे अशक्य कोटीतले नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आसपासच्या शिवारात पसरलेल्या आहेत, आणि दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे भरणाऱ्या प्रदर्शनात ग्रामीण शाळांची मुले आपापली उपकरणे घेऊन येतात. दोन दिवसांच्या प्रदर्शनाने शाळा सुधारत नाही, हेही तितकेच खरे.

तेव्हा उपयोगाचा, अर्थशास्त्राचा किंवा जिज्ञासेचा, कोणताही युक्तिवाद ताणून पाहिला तरी शेवटी शाळेच्या दाराशी येऊन थांबतो. आणि शाळेत पैशाहून अवघड प्रश्न उभा राहतो: सरकारने नेमके काय शिकवावे? कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पहिली दहा वर्षे गणित-विज्ञान सर्वांना सक्तीचे करावे असे सुचवले, आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असा आकडा दिला. पहिली शिफारस बरीचशी अमलात आली. दुसरी आजवर आलेली नाही. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चौकस व सुधारणावादी वृत्ती जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य केले. जगात फार थोड्या राज्यघटनांनी असे कलम घातले आहे. अंमलबजावणीसाठी कोर्टात जाता येत नाही असे हे कर्तव्य आहे, आणि ते नागरिकावर आहे, सरकारवर नाही.

सरकारच उलट दिशेने गेले तर काय, याचा अनुभव २००१ मध्ये आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ सुरू करायचे ठरवले, तेव्हा पुष्पमित्र भार्गव आणि इतरांनी न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हस्तक्षेप नाकारला. अभ्यासक्रम काय असावा हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही, असा त्याचा रोख होता. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे असले, तरी तत्त्वाचा प्रश्न त्याने सुटला नाही. फलज्योतिषावर बहुसंख्य लोकांची श्रद्धा असेल आणि पैसा त्यांचाच असेल, तर त्यांना हवे ते शिकवले जावे, या म्हणण्यात गैर काय?

याला महाराष्ट्रात २००८ मध्ये एक प्रायोगिक उत्तर दिले गेले. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार शाळकरी मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून कुंडल्या तयार केल्या, आणि दोन गट वेगळे काढण्याचे आवाहन ज्योतिषांना केले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, आणि त्यांचे बरोबर येण्याचे प्रमाण सरासरी ४६ टक्के भरले. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आले असते. प्रयोग छोटा होता आणि त्याने कोणाची श्रद्धा ढळली असेल असे नाही. पण सार्वजनिक पैशावर विज्ञानाचा वेगळा हक्क कशावरून, याचे कारण इथे कोणाकडून उसने न घेता मिळते: विज्ञान आपले म्हणणे विरोधकालाही तपासू देते, आणि चुकले तर मागे घेण्याची तयारी ठेवते. खगोलशास्त्राने हा करार पाळला आहे. ग्रहण सांगितलेल्या वेळी लागते की नाही, हे कोणीही अंगणात उभे राहून पाहू शकतो.

हा करार मुलांना पाठ करवून कळत नाही; तो करायला द्यावा लागतो. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम नेमके हेच करत होता. टाटा संस्थेतली नोकरी सोडून आलेले अनिल सद्गोपाल, किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी त्याचा पाया घातला. दिल्ली विद्यापीठाचे आणि टाटा संस्थेचे शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर प्रशिक्षणाला बसत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत व्याख्या आणि उत्तरे दिलेली नसत. मुलांनी टोळीने प्रयोग करायचा, दिसेल ते वहीत लिहायचे, वर्गात वाद घालायचा. फुलाचे भाग सोडवायला विच्छेदनाच्या सुया नव्हत्या, तर बाभळीचे काटे घेतले. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती, कारण विचारलेले पुस्तकात शोधून सापडणारे नव्हते. दहा निरीक्षणे दहा तऱ्हेची आली तर खरे कोणते, हे शिक्षकालाही आधी ठाऊक नसे. वर्गाने मिळून ठरवावे लागे. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ संस्था निघाली, आणि नंतर इतर जिल्ह्यांतल्या काही शाळांतही तो पोचला. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत मुलांसाठी काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांची सुरुवातही तिथलीच.

हा कार्यक्रम सरकारच्या शाळांत, सरकारच्या शिक्षकांकडून, सरकारच्या मान्यतेने तीस वर्षे चालला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेध केला. निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा होता, आणि ज्यांचा पैसा त्यांना तो थांबवण्याचा अधिकार असतोच. हा अधिकार नाकारून सार्वजनिक आधाराचे समर्थन करता येत नाही. मात्र ज्या पालकांची मुले त्या शाळांत होती, त्यांच्यापुढे दोन्ही पद्धतींचा पुरावा मांडून त्यांना निवड करायला सांगितले गेले नाही. त्या शाळांत राज्याची नेहमीची विज्ञानाची पाठ्यपुस्तके परत आली.